तीन दिवस मागे

पर्यवेक्षक काकासाहेबांनी फ्लॉपी टेबलावर ठेवली, तीही दोन बोटांच्या चिमटीत धरून, चोरीचा माल जप्त केल्यासारखी.

"वाचा," ते म्हणाले आणि शाळेच्या कॉम्प्युटरचा पडदा त्यांनी शैलाकडे वळवला.

पडद्यावर नववीच्या भूमितीच्या पेपरचं नाव होतं आणि नावापुढं तारीख. नऊ मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

शैलानं दोनदा वाचलं आणि तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. कारण हा पेपर तिच्या हातात पडला होता बारा मार्चला, सोमवारी. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता याच ऑफिसात, याच काकासाहेबांनी तिच्यासमोर लिफाफ्याचं लाखेचं सील फोडलं होतं आणि रजिस्टरमध्ये तिची सही घेतली होती. शाळेची तशी पद्धतच होती. बाईंनी हातानं पेपर लिहायचा, सीलबंद करून पर्यवेक्षकांकडे द्यायचा, आणि पर्यवेक्षकांनी तो शैलाकडे टायपिंगला. शैला घरी टाईप करायची. दुसऱ्या दिवशी छापील प्रत आणि फ्लॉपी शाळेत पोचवायची, मशीनवरचं सगळं पुसून टाकायची. तीन वर्षांत तिच्या घरातून एक ओळ बाहेर गेली नव्हती. तिची सख्खी भाची याच शाळेतून मागच्या साली भूमितीत बत्तीस गुण घेऊन नापास झाली होती. याहून मोठा पुरावा माणसानं आणायचा तरी कुठून?

आणि आता परीक्षा आठवड्यावर आली असताना भूमितीच्या पेपरच्या झेरॉक्स गावातल्या एका शिकवणीत सापडल्या होत्या. चौकशी समिती बसली. समिती म्हणजे काकासाहेब आणि दोन जुने शिक्षक.

"लिफाफा उघडला बाराला," काकासाहेब सावकाश म्हणाले. "फ्लॉपी म्हणते, टाईप झाला नऊला. म्हणजे लिफाफ्यात यायच्या आधीच पेपर तुमच्याकडे आल्ता. कुणी दिला?"

कोपऱ्यातल्या खुर्चीत अरुंधतीबाई बसल्या होत्या. पेपर त्यांनी काढलेला. चार वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढून त्या येत्या जूनमध्ये कायम व्हायच्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. रडून झालेलं होतं, हे दिसतच होतं.

"नऊ तारखेला होळी होती, सर," शैला म्हणाली. "दुपारी दोनला मी पुरण वाटत होते."

"साक्षीदार?"

"घरचे सगळे. खाल्लं की त्यांनी."

एका जुन्या मास्तरांना हसू आलं. काकासाहेबांना आलं नाही. "घरची माणसं कशी साक्षीदार होतील? माणूस खोटं बोलतो, ताई. मशीनला काय पडलंय खोटं बोलायला?"

वा रे वा! आणि हे कोण सांगत होतं? ज्यांच्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ बरोब्बर दहा मिनिटं पुढं धावत होतं ते! मास्तर लोकांनी वेळेवर यावं म्हणून मोठ्या सरांनी ते मुद्दाम पुढं करून ठेवलेलं. सगळ्या शाळेला माहीत होतं, शिपायालाही माहीत होतं. सगळे मनातल्या मनात दहा वजा करून डबा उघडायचे. त्या घड्याळाला कुणी कधी खोटं म्हटलं नव्हतं. त्याच्याच खाली खिळ्याला छापील पेपरांच्या कपाटाची किल्ली लटकत होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला लागेल अशी. पण संशय कुणावर? तर घरी बसून टायपिंग करणाऱ्या बाईवर, आणि अजून कायम न झालेल्या बाईवर.

काकासाहेबांनी कागद ओढला, तिचं म्हणणं लिहून घेतलं आणि त्यांच्या सवयीप्रमाणं वर बघून खाली वेळ टाकली. दि. २८ मार्च, ११.४०. शैलाच्या मनगटावर साडेअकरा झाले होते.

"सोमवारपर्यंत काय खुलासा असंल तो द्या," ते म्हणाले. "न्हाई तर बाईंचं प्रकरण शिक्षण खात्याकडं जाईल. आणि तुमचं नाव बाकीच्या शाळांना कळवावं लागंल."

घरी येईपर्यंत शैला रस्त्यानं स्वतःशीच भांडत होती. मशीनचंच घड्याळ चुकलं असणार, दुसरं काय! दार उघडून चप्पल न काढताच तिनं कॉम्प्युटर चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. अठ्ठावीस मार्च. वेळ तिच्या मनगटाशी मिनिटाला मिनीट जुळत होती.

तिला ते मशीन उचलून अंगणात आदळावंसं वाटलं.

संध्याकाळी नवरा बद्रीनाथ एमआयडीसीतल्या बियाण्याच्या प्लँटवरून आला. त्याच्याच कंपनीनं मोडीत काढलेला हा कॉम्प्युटर त्यानं बायकोसाठी आणला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोडून दे ना त्यांचं काम. दुसरी कामं काय कमी हैत?"

"सोडलं म्हणजे कबूल केल्यासारखं होईल!" शैला कडाडली. "आणि अरुंधतीबाईंनी काय सोडायचं? नोकरी?"

बद्रीनाथ उठून हातपाय धुवायला गेला. वेळीच काढता पाय घेण्यात तो हुशार होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मशीन रिक्षात घालून रामकिसनच्या दुकानात नेलं. गल्लीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची दुरुस्ती तोच करायचा. त्यानं आधी घड्याळ जुळवलं, रात्रभर मशीन बोर्डाला लावून ठेवलं आणि शुक्रवारी हसत हसत परत दिलं. "बिलकुल बराबर हाय, वहिनी. मिनिटाचाबी फरक न्हाई. लिहून देऊ का?"

आणि त्यानं खरंच लिहून दिलं, शिक्क्यासकट. घड्याळ बरोबर चालते. ज्या कागदानं गळफास आवळायचा तो कागद शैला स्वतःच्या हातानं पर्समध्ये घालून घरी आली. मदत मागायला जावं तर अशी! त्या रात्री तिच्या हातून भाजीत मीठ दुप्पट पडलं. बद्रीनाथनं मुकाट्यानं खाल्लं.

शनिवारी सासरे आले. अप्पाराव. टेंभुर्णीला थोरल्या मुलाकडं पाडवा करायला तेरा तारखेला गेले होते, ते आता परतले. म्हातारा कमी बोलणारा. पहाटे पाचला उठायचा, अंघोळ, पूजा उरकायचा, आणि घरातली कोणतीही वस्तू वाया जाऊ नये म्हणून दिवसभर घरभर फिरत राहायचा. सुनेचा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी आठला शैला कॉम्प्युटरसमोर बसली, खुलाशाचं पत्र टाईप करायला. खुलासा कसला, डोंबल! पुरणाचाच. सवय लागली होती म्हणून तिनं आधी कोपऱ्यात बघितलं.

शनिवार. रात्रीचे अकरा.

ती खुर्चीतून उठली. परत बसली. डोळे चोळून परत बघितलं. शनिवार, रात्रीचे अकरा वाजून एक मिनीट.

"अहो! मामा!" तिच्या ओरडण्यानं शेजारच्या दुर्गाबाईही खिडकीत आल्या. "या मशीनला रात्री कुणी हात लावला?"

अप्पाराव देवघरातून आले, हातात फुलांची परडी. "हात न्हाई लावला, पोरी. वायर तेवढी काढली. रोजच काढतो की."

"रोज?"

"दुर्गाबाईचा टीव्ही नव्हता का जळाला, इजेनं? तवापासून. रातच्या दहाला काढतो, सकाळी सातला तू उठायच्या आत लावून ठिवतो. तुझ्या कामाची वस्तू हाय. जळली म्हंजी?"

शैलाला एकाच वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि परडी हिसकावून घ्यावीशीही वाटली. इतका जीव लावायचा, आणि सांगायचं मात्र नाही! ती तशीच, केस न विंचरता, सासऱ्यांना बरोबर घेऊन रामकिसनच्या घरी गेली.

रामकिसननं डोक्याला हात लावला. "मशीनमधी एक सेल असतो, वहिनी. रुपयाएवढा. वायर लावलेली असली की घड्याळ लाईटवर चालतं. वायर काढली की सेलवर. तुमचा सेल अर्धमेला झाला असंल. मंग वायर काढली की घड्याळ जागच्या जागी थांबतं, लावली की तिथून पुढं चालू. माझ्या दुकानात रातभर वायरच निघाली न्हाई, मला कसं कळावं?"

"चौदा तारखेला तुम्ही माझा कीबोर्ड दुरुस्त करायला आलात," शैला दातओठ खात म्हणाली. "तेव्हा घड्याळाला हात लावला होता?"

"हां. तीन-साडेतीन दिस मागं होतं. म्या बराबर करून टाकलं." तेरापासून अप्पाराव टेंभुर्णीला, म्हणजे त्यानंतर वायर निघालीच नव्हती.

"आणि सांगितलं नाही?"

"त्यात काय सांगायचं, वहिनी? काम कीबोर्डाचं होतं."

अशा माणसाला काय म्हणावं! मास्तरांनी बिनगुन्ह्याच्या माणसाकडं बोट दाखवायचं, आणि ज्याला खरं माहीत त्यानं ते सांगण्यासारखं नाही म्हणून पोटात ठेवायचं. रामकिसननं शरमेनं लगेच नवा सेल काढला आणि म्हणाला, "चला, दोन मिनिटांत बदलून देतो."

"खबरदार हात लावाल तर," शैला म्हणाली. "तो मेलेला सेलच माझा साक्षीदार आहे."

सोमवारी सव्वाअकराच्या आत मशीन शाळेच्या ऑफिसात होतं. समिती बसलेली, अरुंधतीबाई त्याच कोपऱ्यात. शैलानं काकासाहेबांना विचारलं, "सर, तुमच्या हातातल्या घड्याळात किती वाजले?"

"सव्वाअकरा."

तिनं त्यांच्यासमोर मशीनची वेळ सव्वाअकरा केली, मशीन बंद केलं आणि सासऱ्यांकडं बघितलं. अप्पाराव पुढं झाले आणि रोजच्यासारखी वायर काढून हातात धरली.

"आता एक तास बसू," शैला म्हणाली.

"एक तास? आम्हाला दुसरी कामं न्हाईत का?"

"पाच दिवस मी चोर म्हणून बसले, सर. तुम्ही एक तास बसा."

चहा आला, गेला. अप्पाराव वायर धरून उभेच. कुणी खुर्ची दिली तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मी बराबर हाय." काकासाहेबांच्या मनगटावर सव्वाबारा झाल्यावर त्यांनी वायर लावली. मशीन घरघरत चालू झालं. कोपऱ्यात आकडे आले. अकरा वाजून सतरा मिनिटं.

दोघे जुने मास्तर पडद्याजवळ वाकले. काकासाहेब खुर्चीतच राहिले.

"वायर म्या काढत होतो, सायब," अप्पाराव म्हणाले. टेंभुर्णीच्या बाजारात ज्यांचा आवाज कधी चढला नाही, त्यांचा आवाज त्या ऑफिसात चढला. "चार तारखेच्या रातीला इज पडली. त्या रातीपासून अकरा तारखेपर्यंत आठ राती. रोज नऊ तास. मोजा तुम्ही, तुम्ही तर शिकलेले."

जुन्या मास्तरांपैकी एकानं खरंच मोजलं. बहात्तर तास. बारातून तीन दिवस गेले की नऊ. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं ही वेळही खरीच होती, फक्त बारा तारखेच्या सोमवारची.

काकासाहेबांनी चष्मा पुसला. "बरं. गैरसमज झाल्ता. विषय संपला."

"कसा संपला?" शैला उभी राहिली. "बुधवारी माझ्यावरचा आरोप कागदावर लिहिलात. मग हेही कागदावर लिहा. माझं नाव घालून, बाईंचं नाव घालून. आणि पेपर फोडला कुणी, ते विचारायचं असेल तर त्या किल्लीला विचारा. वर्षभर खिळ्याला लटकतेय."

सगळ्यांनी किल्लीकडं बघितलं आणि सगळ्यांनीच नजर काढून घेतली. त्या किल्लीबद्दल पुढं कुणी चकार शब्द काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. लोकांना चोर हवा असतो तो परवडणारा.

पण काकासाहेबांनी कागद ओढला. दोघींचा काही दोष नाही, आरोप मागे घेतला आहे, असं लिहिलं. खाली सही केली. मग सवयीनं वर बघून दिनांक आणि वेळ टाकली आणि कागद सरकवला. दि. २ एप्रिल, १२.४०.

शैलानं कागद वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो परत त्यांच्यापुढं केला.

"सर, वेळ चुकली."

काकासाहेबांना कळेना.

"भिंतीवर बघून लिहिलीत. दहा मिनिटं पुढं आहे ते. तुमच्या मनगटावर बघा."

त्यांनी मनगटाकडं बघितलं. साडेबारा. कोपऱ्यातल्या खुर्चीत अरुंधतीबाईंनी पाच दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

"खोडा," शैला म्हणाली, "खरी वेळ लिहा, आणि खोडलं तिथं सही करा."

काकासाहेबांनी पेन उघडलं, बारा चाळीस खोडले, बारा तीस लिहिले आणि बाजूला सही केली.