बाराच्या वरचं

गोरक्षनाथ गुरुजींनी अंगठा दाबला आणि स्टॉपवॉचचा काटा थांबला. रंगनाथची बैलगाडी धुरळा उडवत निशाणापार गेली होती. बारा सेकंद, आणि वर दोन बारीक रेघा. एक रेघ म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. मघाशी त्याच्या धाकट्या भावाला, छगनला, बारा सेकंद आणि वर पाच रेघा लागल्या होत्या.

म्हणजे थोरला जिंकला. पापणी लवावी, एवढ्याच फरकानं.

कर्जतकडच्या या जत्रेत गेल्या सालापर्यंत गुरुजी मनगटावरच्या घड्याळात बघून नुसते सेकंद पुकारत. यंदा शाळेत हे नवं यंत्र आलं आणि रेघांची कटकट मागं लागली.

रंगनाथ गाडी दुसऱ्याच्या हाती सोपवून धापा टाकत आला.

"किती, गुरुजी?"

"बारा. आणि वर..."

"वरचं ऱ्हाऊ द्या." त्यानं घड्याळावर तळवाच ठेवला. "हरलो तर हौशाला घोडेगावच्या बाजारात इकीन, असं छगन्या चारचौघांत बोलून बसलाय. आता मागं न्हाई यायचा त्यो."

वाटणीपासून दोघा भावांत विस्तव जात नव्हता. लहानपणापासूनची बैलजोडीही फुटली. पाखऱ्या थोरल्याकडे, हौशा धाकट्याकडे. दोघांनी जोडीला दुसऱ्याचा बैल मागून आणला होता.

गुरुजी खोटं बोलणारे नव्हेत. पण नुसते सेकंद पुकारणं काही खोटं नव्हतं. त्यांनी पुन्हा अंगठा दाबला. काटा शून्यावर गेला.

"बारा! दोन्ही गाड्या बरोबरीत! फेटा दोघांनाही!"

माणसांनी टोप्या उडवल्या. रंगनाथ पाखऱ्याला सोडायला गेला.

थोड्या वेळानं हौशा आला, कासरा ओढतच, आणि सवयीनं पाखऱ्याच्या डाव्या अंगाला उभा राहिला. मागोमाग छगन. तो बैलांकडे बघूनच बोलला.

"वासरं हुती तवाबी हौशा मागंच पडायचा."

"पाखऱ्याचं वय झालं आता," रंगनाथ म्हणाला.

"दोगं एकाच म्हैन्यातले हायेत, दादा."

रंगनाथ पाखऱ्याची पाठ चोळत राहिला. छगननं हौशाचा कासरा त्याच्या हातात दिला.

"धर जरा. दोगांला पानी आनतो."