घडी कोणी मोडायची

भीमाबाईंनी नव्या कुकरचं झाकण लावलं, शिट्टी बसवली आणि सुनेकडे वळून ऐटीत म्हणाल्या,

"एस्त्रेनार."

हर्षाला हसू आवरेना. "एकदम बरोबर, आई."

गेल्या आठवड्यात स्पॅनिशच्या ऑनलाइन वर्गात हा शब्द आला होता. घरी त्याचा अर्थ सांगताना ती चाचपडत होती. "मतलब, नवीन चीज पहिल्यांदा वापरणं. कपडे, जूते, घर, कुछ भी."

भीमाबाई गवार मोडत बसल्या होत्या. "मग सरळ घडी मोडणं म्हण ना."

"साडीला ठीक आहे, आई. पण नव्या सिनेमाचा पहिला शो असतो, त्याला पण हेच म्हणतात."

"सिनेमाची घडी," असं म्हणून त्या स्वतःशीच हसल्या आणि तो शब्द त्यांच्या तोंडी जो बसला तो बसलाच. शेजारच्या तुळशीरामने नवी स्कूटी आणली, एस्त्रेनार. हर्षाच्या नवऱ्याने, प्रितमने, नव्या बुटांनी टाचा सोलून घेतल्या, तेही एस्त्रेनार. अख्ख्या चेरीताल मोहल्ल्यात एवढं स्पॅनिश कोणी बोललं नसेल. नोकरीसाठी शिकायला घेतलेली भाषा घरात अशी लाडावली, याचं हर्षाला फार बरं वाटायचं.

एकाच जागी तो शब्द तिला टोचत होता. बाबासाहेबांच्या जयंतीला भीमाबाई दरवर्षी नवी पांढरी साडी घेत, पण पहिल्यांदा ती स्वतः नेसत नसत. आपल्या साडीची घडी जिवाच्या माणसाने मोडायची, ही त्यांची रीत. आणि ते माणूस म्हणजे याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात दिलेली लेक, नेहा. जयंतीच्या सकाळी नेहा यायची, आईची कोरी साडी नेसून मिरवणुकीत मिरवायची, मग ती साडी धुऊन आईच्या कपाटात जायची. गेल्या वर्षी, नवी नवरी असताना, हर्षाने बसून नेहाच्या निऱ्या धरल्या होत्या. हर्षाला साड्यांची कमी नव्हती. तिला ती घडी हवी होती. आणि हे असं तोंडाने मागायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी वर्गाची तोंडी परीक्षा होती. भीमाबाई शेजारीच बसून नव्या साडीला फॉल लावत होत्या. लॅपटॉपवरून मॅडमनी सांगितलं, एस्त्रेनार वापरून आपल्या घरातलं एखादं खरं वाक्य बोला. हर्षाच्या जिभेवर कुकर आला होता. पण या घरात स्पॅनिश दुसऱ्या कोणाला कळतं, असा विचार मनात आला आणि आतलंच बाहेर पडलं. सासूबाईंच्या नव्या साड्यांची घडी नणंद मोडते, असं ती बोलून गेली.

"नेहा एस्त्रेना," तिने पुन्हा थोडक्यात सांगितलं. "यो, नुन्का."

मी, कधीच नाही. मॅडम खूश झाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

शेजारची सुई थांबली होती.

"नेहाचं काय सांगून राहिली होती तू?"

"काही नाही, आई. बस, एक उदाहरण होतं."

"अच्छा." भीमाबाईंनी दोरा दाताने तोडला, साडी उचलली आणि आत गेल्या.

त्या रात्री भीमाबाई लवकर जेवून उठल्या. हर्षाला आपलंच वाक्य आठवत राहिलं. एक नाव त्यांच्या लेकीचं होतं आणि त्यापुढचा शब्द तिने स्वतःच शिकवला होता. आता चूक कबूल करावी तर नेमकी कसली, हेही तिला ठरवता येईना.

सकाळी ती न्हाऊन आली तेव्हा भीमाबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. हातात ती साडी होती.

"धर. नेस. निऱ्या मी धरतो."

"आई, पण नेहादीदी येऊन राहिली ना?"

"येऊ दे. फोन केला मी तिला. मागच्या वर्षीची नेस म्हटलं." घडी उलगडताना त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. "तिला कुठं साडी सांभाळता येते? दरवेळी निळ्या गुलालानं पदर भरवून आणते."

हर्षाचे डोळे भरून आले होते आणि दोन्ही हातांत साडी, त्यामुळे पुसायचीही सोय नव्हती. भीमाबाई गुडघ्यांवर बसून एकेक निरी सारखी करत होत्या.

"आणि हर्षा," मान वर न करताच त्या म्हणाल्या, "त्या मॅडमला सांगजो, ते वाक्य आता बदललं म्हणून."