प्रेताने बदललेला खुनी

काकू नदीवर पोहायला शिकवायच्या. सत्तावीस वर्षांत निम्मं गाव त्यांनी पाण्यात ढकललं होतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्या आवाजाच्या धाकाने आपणहून उतरलं होतं. काका त्याच नदीवर नाव चालवायचे. त्यामुळे गावात रहस्यपटाचं शूटिंग आलं आणि सिनेमावाल्यांनी प्रेत म्हणून आणलेली रबरी बाई पाण्यात सोडली की ताठ उभीच राहू लागली, तेव्हा धक्क्यावरच्या सगळ्यांनी काकूंकडे बोट दाखवलं.

"काकू, फक्त मरायचं आहे," तरुण दिग्दर्शक अदबीने म्हणाला. "पाच मिनिटं हातपाय हलवायचे नाहीत."

"तासभर पडून राहीन. घरी कुठे कोण पडू देतंय."

गोष्ट अशी होती. शाळेच्या मुख्याध्यापिकेचा खून होतो. तिचं प्रेत वाहत येऊन पुलाच्या तिसऱ्या खांबाला अडकतं. प्रवाहाचा अंदाज घेऊन गुप्तहेर ते कुठून टाकलं हे ओळखतो, म्हणजे खुनी सापडतो. खुनी कोण, हे मात्र नटांनाही सांगितलेलं नव्हतं. शेवटची चार पानं दिग्दर्शक आणि त्याची सहाय्यिका, दोघांपाशीच होती.

पहिल्या सकाळी काकूंचे ओठ निळे रंगवून त्यांना धक्क्यावर चादरीखाली झोपवलं. ऊन ढगाआड होतं, ते यायची वाट बघत दिग्दर्शक आणि सहाय्यिका शेजारीच बसले आणि शेवटची पानं काढून बोलू लागले. प्रेतासमोर आवाज खाली आणायचं कोणाच्या मनात येत नाही.

"प्रेत या धक्क्यावरून टाकलेलं ठरतं आणि नावाडी खुनी निघतो, तिथे थिएटर हादरेल," सहाय्यिका म्हणाली.

"चेहऱ्याने इतका भोळा, की कोणाला शंकाच येणार नाही. उद्या इथल्या नावाड्याचाच चेहरा नीट बघून घे. नटाला तसाच रंगवू."

चादरीखाली काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या धक्क्यावर एकच नावाडी होता आणि तो त्यांना रोज सकाळी चहा करून द्यायचा. सिनेमा लागला की लोक त्याच्या नावेत बसताना हसणार, पोरंसोरं काठावरून खुनी म्हणून हाका मारणार. पण उठून भांडावं, तर चोरून ऐकल्याची कबुली द्यायला लागणार. काकू निमूट मेलेल्या राहिल्या.

ऊन आलं. काकूंना धक्क्यापासून पाण्यात सोडलं. पुलाकडे जायचं सोडून त्या पलीकडच्या लव्हाळ्यात जाऊन अडकल्या. दुसऱ्यांदाही लव्हाळ्यात. चौथ्यांदा तिथल्या बगळ्यानेही उडायचा कंटाळा केला.

"असं का होतंय?" दिग्दर्शकाने विचारलं.

"पाणी नेईल तिथे जाणार मी. मेलेय ना," काकू म्हणाल्या. "धक्क्यावरून टाकलेलं लव्हाळ्यातच जातं. तिसऱ्या खांबाला लागायचं तर वरच्या अंगाने यायला हवं. तिथे तो पायऱ्यांचा बंगला आहे ना, तिथून."

बंगला सिनेमातल्या डॉक्टरचा होता. दिग्दर्शकाने प्रयोग म्हणून काकूंना त्या पायऱ्यांवरून सोडायला लावलं. काकू आभाळाकडे डोळे लावून, राजहंसासारख्या संथ, थेट तिसऱ्या खांबावर जाऊन टेकल्या. साडीच्या घोळाखाली पावलं किती राबत होती, ते फक्त माशांना दिसलं.

खरं तर नेमकं उलटं होतं: धक्क्यावरून सोडलेलं खांबाला लागायचं आणि बंगल्यावरून सोडलेलं लव्हाळ्यात जायचं. हे काकांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. दिग्दर्शक त्यांच्याकडे गेला. काका आयुष्यात खोटं बोललेले नव्हते. त्यांनी खांबाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बायको अजून मेलेलीच होती, पण तिची एक भुवई किंचित वर गेली.

"पाण्यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं," काका म्हणाले आणि वल्ही पुसायला लागले. पुसलेलीच वल्ही त्यांनी परत तीनदा पुसली.

दुपारभर दिग्दर्शक पानं चाळत बसला. नदीच चुकली तर गुप्तहेर अडाणी ठरेल, ही भीती त्याला सोडेना. संध्याकाळपर्यंत खुनी बदलला. डॉक्टर झालेल्या नटाला अख्ख्या सिनेमात दोन वाक्यं होती. त्याला कबुलीजबाबाचं सबंध पान मिळालं, तेव्हा त्याने काकूंना वाकून नमस्कार केला. त्यांनी काय केलं हे त्याला माहीत नव्हतं. प्रेताच्या पायगुणाने नशीब उघडलं, एवढीच त्याची समजूत.

घरी जेवताना काका म्हणाले, "मला खुनी व्हायला चाललं असतं."

"मला नसतं चाललं. वाढू का अजून?"

सिनेमा लागला. एका वर्तमानपत्राने प्रवाहाच्या अचूक अभ्यासाबद्दल दिग्दर्शकाची पाठ थोपटली. सिनेमातला नावाडी संशयातून सुटला तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या आणि काका लाजून खुर्चीत खाली सरकले.

फक्त एक गोष्ट काकूंच्या हिशेबात नव्हती. गावात खरा डॉक्टरही एकच होता. दोन आठवड्यांनी काकू थंडी वाजते म्हणून त्याच्या दवाखान्यात गेल्या. बाहेर बाकावर एकही पेशंट नव्हता.

"सिनेमा लागल्यापासून लोक माझं औषध आधी मला प्यायला सांगतात," डॉक्टर म्हणाला. "काकू, प्रेत डॉक्टरच्या बंगल्यावरून येतं असं तुम्हीच सांगितलंत म्हणे. माझ्यावर काही राग होता का?"

"छे हो. तुम्ही मनातसुद्धा नव्हता."

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाला. त्याने त्यांच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवलं, वर्तमानपत्र उघडलं, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट, सावकाश वाचून काढलं.