जेवताना उतरवायचा बिल्ला

तिला वाटलं होतं, डबीत शौर्यपदक असेल. डबी उघडली आणि आत होतो मी.

पहिल्या नजरेला मी फसवतो, हे मान्य. पाच टोकांची चांदणी, सोनेरी रंग, वर निळ्या-पांढऱ्या फितीचा तुकडा. तिने मला तळहातावर घेतलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. सात वर्षं दूरदेशी शिकताना वसतिगृहातल्या प्रत्येक मैत्रिणीला तिने सांगितलं होतं, "माझे आजोबा नुसते पडद्यावरचे शूर नव्हते. त्यांना खरं पदक मिळालं होतं." पुरावा म्हणून लष्कराच्या एका जुन्या पत्राची नक्कल ती जपून होती. पत्रात पदकासाठी आजोबांची शिफारस होती. शिफारशीचं पुढे काय झालं, हे पत्रात नव्हतं आणि तिने कधी विचारलंही नव्हतं.

तिने पितळ उजळायची पूड आणली आणि फडक्याने मला घासायला लागली. दुसऱ्याच फेऱ्याला फडकं पिवळं झालं. चौथ्याला खालचा पत्रा दिसला. तिने मला उलटं केलं, नखाने पाठीवरचा काळवंडलेला रंग खरवडला, तर खाली निळी अक्षरं: 'शुद्ध खाद्य'. पुढचं 'तेल' कात्रीत गेलं होतं.

तर मी एक नकली बिल्ला. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून जन्मलेला. माझी लाज वाटून तुम्ही पान उलटायच्या आत एवढंच सांगतो, की ज्याच्या छातीवर मी लागलो त्याच्यात नकली काहीच नव्हतं.

माझा बाप म्हणजे चित्रपटाच्या स्टुडिओतला पत्रेवाला. एका सकाळी दिग्दर्शकाचा सहायक धापा टाकत आला. "काका, दुपारपर्यंत पाच पदकं हवीत. सेनापती मेकअप करून बसलेत!"

"सेनापतींना म्हणावं, चहा घ्या," काका म्हणाले.

त्यांनी डबा कापला, चांदण्या काढल्या, कानशीने कडा घासल्या, सोनेरी रंगात बुडवून आम्हाला दोरीवर टांगलं. मोज्यांसारखे आम्ही पाच भाऊ ओळीने वाळत होतो. "जा, लढाई जिंका," काका म्हणाले, "फक्त पाण्यात जाऊ नका, गंजाल." फीत शिवली ती कपडेपटातल्या एका मुलीने. दातांत टाचण्या धरूनच ती बोलायची, म्हणून सगळा स्टुडिओ तिला टाचणी म्हणायचा.

ज्याच्या छातीवर मी पुढे सतरा चित्रपटांत मिरवलो, तो त्या सकाळपर्यंत नट नव्हताच. तो स्टुडिओत जनरेटरचा ट्रक घेऊन यायचा. त्याआधी नऊ वर्षं लष्करात ट्रकच चालवत होता. त्या दिवशी सेटवर लढाई जुंपली होती आणि मरणारे नट फार देखणे मरत होते. छातीवर हात, आकाशाकडे नजर, मग फुलासारखं गळून पडणं. तो ट्रकच्या पायरीवर बसून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. पण गोळी लागलेला माणूस असा नाही पडत."

दिग्दर्शक आधीच वैतागलेला. "मग कसा पडतो? या, दाखवा!"

तो उठला. चार पावलं धावला आणि थांबला, घरी काहीतरी विसरलंय हे वाटेत आठवावं तसा. मग त्याने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि कोणाची अडचण होऊ नये अशा बेताने बाजूला सरकून खाली बसला. सेटवर कोणी हललं नाही. चहावाल्याच्या हातातला पेला कलून चहा त्याच्या पायावर सांडत होता, तरी त्याला पत्ता नव्हता.

"हे कुठे शिकलात?" दिग्दर्शकाने विचारलं.

"शिकलो नाही. बघितलंय."

दुपारी त्याच्या अंगावर गणवेश चढला आणि गणवेशावर मी.

लष्करातून पडद्यावर आलेली आणखीही माणसं मी त्या स्टुडिओत पाहिली. त्या काळचा सगळ्यात भयंकर खलनायक सैन्यात न्हावी होता. नायकाच्या गळ्याला वस्तरा लावायचा आणि कॅमेरा थांबला की हळूच विचारायचा, "लागलं नाही ना, राजा?" नेहमी आईची भूमिका करणाऱ्या बाई लष्करी इस्पितळात परिचारिका होत्या. आजारी मुलाचा हात धरला की खरोखरची नाडी मोजायच्या. एकदा भर शॉटमध्ये संवाद सोडून म्हणाल्या, "अहो, याला खरंच ताप आहे!" या लोकांना खोटं करता यायचं, पण अर्धवट करता येत नसे. मला त्यांचं हेच आवडायचं.

माझा माणूस तर वेळेआधी अर्धा तास हजर. कॅमेरा चालू नसताना गर्दीतल्या नटांना उन्हात उभं केलेलं त्याला चालत नसे; तो स्वतः जाऊन त्यांना सावलीत बसवायचा. आणि त्याची एक खोड होती. जेवणाची सुट्टी झाली, की तो आधी मला छातीवरून काढायचा आणि टाचणीच्या डबीत ठेवायचा. मगच घास.

"दादा, राहू दे ना!" टाचणी करवादायची. "पुन्हा लावलं की तिरकं बसतं. मग तो शॉटच्या नोंदी ठेवणारा माझ्या नावाने ओरडतो."

"ओरडू दे. कॅमेऱ्यापुढे सांगतील ते मिरवीन. जेवताना नाही मिरवणार. न मिळवलेलं अंगावर घेऊन अन्न जात नाही बघ."

एकदा सुट्टीनंतर मला लावायचं राहूनच गेलं. त्या चित्रपटात नायक दरबारात बिल्ल्यासह शिरतो आणि बिल्ल्याशिवाय बाहेर पडतो. जाणकारांनी त्यात त्यागाचं प्रतीक शोधलं. टाचणी महिनाभर हसत होती.

लोक त्याला कप्तान म्हणायला लागले. "मी ड्रायव्हर होतो हो," तो प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. लोक म्हणायचे, काय हा विनय! खोटं पचायला जड असतं असं ऐकलं होतं. इथे तर खरं कोणाला पचत नव्हतं.

मग त्याचं वय झालं, आजारपण आलं, तो गेला. मी कपाटातल्या डबीत चौदा वर्षं पडून राहिलो. शेजारी कुलपं नसलेल्या दोन किल्ल्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ. चौघंही एकमेकांशी काही बोललो नाही.

आणि आता ही नात, हातात पिवळं फडकं घेऊन माझ्याकडे बघत बसलेली.

तिच्यापुढचा प्रश्न साधा नव्हता. परत आल्यापासून तिने एकच ध्यास घेतला होता: ज्या नटांनी पडद्याआधी लष्करात नोकरी केली, त्यांच्या वस्तूंचं एक दालन गावच्या वाचनालयात उभं करायचं. खलनायकाचा वस्तरा मिळाला होता. परिचारिका बाईंचं झग्याला उलटं अडकवायचं घड्याळ मिळालं होतं. मधली मोठी काच आजोबांच्या पदकासाठी राखून ठेवली होती. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी.

ग्रंथपालांनी मला चष्म्याजवळ धरून पाहिलं. "ताई, मी सांगू? पुन्हा सोनेरी रंग मारा. काचेमागे सगळंच सोनं दिसतं."

ती मला घेऊन निघाली ती थेट टाचणीकडे. टाचणी आता सत्तरीपुढची. शिवणयंत्राच्या मागे बसलेली, दातांत अजून टाचण्या.

"मावशी, हे आजोबांनी जपून का ठेवलं होतं? खोटं आहे हे!"

टाचणीने मला ओळखलं. एकेक टाचणी काढून डबीत टाकली. काही लांबलचक बोलायचं असलं तरच ती तसं करायची.

"बस पोरी. तुझ्या आजोबांचा एक जोडीदार होता. जागा मिळेल तिथे झोपायचा, म्हणून त्याला झोप्या म्हणायचे. युद्धात एका दिवशी गाडीवर पाळी होती दादांची, पण दादांना सणसणून ताप. झोप्या म्हणाला, तू नीज, आज मी जागतो. कोणाला न विचारता पाळी बदलली. पाळीच्या वहीत नाव दादांचंच राहिलं. त्या दिवशी पलीकडे अडकलेले जखमी आणायला झोप्या पुलावरून तीन वेळा गेला. सोळा माणसं आणली. चौथ्यांदा गेला तो परत आला नाही."

नातीने पत्राची नक्कल घट्ट धरली. "म्हणजे ही शिफारस..."

"वही बघून केलेली. दादांनी उलट टपाली कळवलं, गाडीवर मी नव्हतो. मग काय, ज्याचं नाव वहीत तो म्हणतो मी नव्हतो, आणि जो होता त्याचं नाव वहीत नाही. कागद मिटला. पदक कोणालाच नाही."

तिने यंत्राचं चाक उगाच एकदा फिरवलं.

"पुढे तीच गोष्ट चित्रपटात आली. दादाच झोप्या झाले. खोट्या सेनापतीने हा बिल्ला लावला, सेटवर टाळ्या. दादांनी तसाच काढून माझ्यासमोर धरला. म्हणाले, हा मला दे आणि माझ्याबरोबर चल, एकट्याने जायचा धीर नाही. आम्ही झोप्याच्या आईकडे गेलो. ती भांडी घासत होती. हात पुसून तिने हा घेतला, दातांनी चावून पाहिला आणि म्हणाली, 'पत्रा आहे रे.' दादा म्हणाले, 'हो आई. खरं नाही मिळवून देता आलं.' तर ती हसली! म्हणाली, 'त्याला सदऱ्याची बटणं लावायचा कंटाळा. बिल्ला कुठे लावणार होता? ठेव तुझ्याकडे. कोणी विचारलं हे कोणाचं, तर त्याचं नाव सांग. झोप्या नको, पूर्ण नाव.'"

"मग सांगितलं त्यांनी?"

"जन्मभर. वर्तमानपत्रवाले तेवढंच कापायचे. जागा नाही म्हणे."

निघताना टाचणीने टाचण्या एका वाटीत ओतल्या आणि रिकामी डबी नातीच्या हातात दिली. "ही घेऊन जा. याची जेवणाची जागा."

संध्याकाळी घरी आईला सगळं सांगून झालं. तिची आई म्हणजे माझ्या माणसाची लेक. तिने ताट वाढता वाढता ऐकून घेतलं.

"बाबा गेले. त्यांचा जोडीदार गेला, त्याची आईही गेली. आता कोणाचं काय अडलंय? लोक बाबांना शूर समजतात, समजू देत की."

"पण आई, शूरच होते ते! पदक दारात आलेलं असताना 'तो मी नव्हे' म्हणणं..."

"हे तू लिहिशील खाली सातव्या ओळीत. लोक पहिली ओळ वाचतात, बाळ. पहिली ओळ काय असणार? पदक खोटं. संपलं. आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाला तू मेल्यावर खोटारडा ठरवणार."

मी ताटाजवळ पडल्या पडल्या विचार करत होतो. ग्रंथपालांनी दिलेली सोनेरी रंगाची बाटली टेबलावरच होती. खरं सांगतो, मलाही क्षणभर वाटलं, मारावा रंग. सोनं व्हायला कोणाला आवडत नाही? तेवढ्यात नातीचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने हातातला घास ताटात ठेवला, मला उचलून टाचणीच्या डबीत घातलं आणि मगच जेवायला लागली. आईने ते पाहिलं. तिचे बाबा असेच करत असत, हे ती कोणाकडून तरी ऐकून होती. तिने फक्त वरण पुढे सरकवलं.

सकाळी नात उठली ती ठरवूनच. रंगाची बाटली तिने कपाटात आत ढकलली आणि नवं कार्ड घेतलं.

"आई, लोक पहिलीच ओळ वाचतात ना?"

"वाचतात."

"मग पहिल्या ओळीत त्यांचंच नाव." आणि तिने ठळक अक्षरांत झोप्याचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली: 'ट्रकचालक. पुलावरून तीन फेऱ्या, सोळा जखमी. चौथ्या फेरीतून परत आले नाहीत. पदक मिळालं नाही.' त्याखाली: 'हा बिल्ला तेलाच्या डब्याचा आहे. त्यांच्या वतीने तो त्यांच्या जोडीदाराने सांभाळला. तेही ट्रकचालक. पुढे नट झाले.'

आई खांद्यावरून वाचत होती. "'पुढे नट झाले'च्या आधी 'जन्मभर खरं बोलले' घाल," ती म्हणाली आणि माझी फीत ओढून सरळ केली.

वाचनालयात नातीने मला काचेत ठेवलं ते पाठ बाहेर करून. 'शुद्ध खाद्य' सगळ्यांना दिसेल असं. वर ग्रंथपालांना सांगितलं, "रोज जेवणाच्या सुट्टीत बिल्ला काढून या डबीत ठेवायचा."

"अहो ताई, रिकामी काच बघून लोक चोरी झाली म्हणतील!"

"म्हणू देत. विचारायला तरी येतील."

आता मी तिथेच असतो. पाठीवरचा पत्रा जरा गंजलाय, काकांनी बजावलं होतंच. पण इतकी वर्षं छातीवर मिरवलो त्यापेक्षा इथे मला मोकळं वाटतं. तुम्ही दुपारी एकच्या सुमारास आलात आणि काच रिकामी दिसली, तर परत फिरू नका. मी डबीत असेन. कार्ड मात्र जागेवर असतं. त्याची पहिली ओळ वाचा, जरा मोठ्याने.