अर्धी भाकरी

रुपालीनं अर्धी भाकरी ताटात वाढली, तशी मल्हारनं ती उचलून परत टोपलीत टाकली.

“अवं, डॉक्टरांनी अर्धी सांगितलीय की.”

“अर्धीनंच घात हुतो. आण्णांचा पाय बघ की.”

भिंतीला टेकलेल्या सासऱ्यांनी धोतर पुढं ओढून घेतलं. उजव्या गुडघ्याखाली काही नव्हतंच. साखरेच्या आजारापायी पाय कापावा लागला, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून घरात सगळं खापर भाकरीवर फुटायचं. पुढं मल्हारलाही साखर निघाली आणि त्यानं धसकाच घेतला. मोबाईलवर कुणाचं तरी ऐकून त्यानं ज्वारी, भात, डाळ सगळं बंद केलं. नुसती अंडी, पनीर आणि काकडी. तीन आठवड्यांत सहा किलो वजन उतरलं. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात सोबतचे वाहवा करू लागले. डॉक्टरांनी सांगितलेली अर्धी भाकरी, डाळ, भाजी आणि चालणं यानं महिन्याला दीड किलो उतरलं असतं, पण तेवढा धीर त्याला कुठला? साखर कमी करायची गोळी मात्र तो पहिल्याइतकीच घ्यायचा, आणि खाणं बदलल्याचं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. पोटात काही नसताना गोळीनं साखर एकदम खाली जाईल, रुपालीला भीती होती ती याचीच.

मल्हार बूट घालायला वाकला आणि तसाच राहिला. मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

“अवं, काय हुतंय?”

त्यानं वर पाहिलं. “आई, माझा डबा कुटं हाय?”

त्याची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

रुपाली साखरेच्या डब्याकडं धावली. पाण्यात घालताना निम्मी साखर फरशीवर सांडली. त्याचं डोकं छातीशी धरून ती घोट घोट पाजत राहिली. इतकी ती जन्मात कधी भ्याली नव्हती. दहा मिनिटांनी त्यानं तिला नावानं हाक मारली, तेव्हा तिला रडू फुटलं.

“आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.”

“येतो. पर भाकरीचं बोलू नगंस. मला पाय घालवायचा न्हाय.”

“भाकरीनं न्हाय गेला,” आण्णा म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं.

“दोन वर्सं गोळ्या मोरीत टाकत हुतो. बरं वाटतंय, मग कशाला खायच्या म्हनून. पाय गेल्यावर समदी भाकरीला बोलाय लागली. मी गप बसलो.”

आण्णांनी टोपली त्याच्यापुढं सरकवली. मल्हारनं धोतराच्या मोकळ्या टोकाकडं पाहिलं. मग त्यानं हात पुढं केला. बोटं अजून थरथरत होती. तुकडा रुपालीलाच मोडून द्यावा लागला.