मशीनमध्ये देव चालेल का?

आमच्या हॉस्पिटलात एमआरआयचं नवं मशीन आलं आणि माझी ड्युटी वॉर्डातून तिकडे लागली. सासूबाईंना वाटतं, मी दिवसभर एसीत बसून बटणं दाबते. बटणं बालाजी दाबतो, तो टेक्निशियन. मी नर्स, माझं काम माणसाला त्या बोगद्यात निजवायचं आणि हलू द्यायचं नाही. मशीन कितीही हुशार असलं तरी पेशंट हलला की फोटो वाया. मुदखेडहून लातूरला नोकरीला आले तेव्हा नर्सिंग म्हणजे सलाईन आणि इंजेक्शन असं डोक्यात होतं. आता निम्मा दिवस माणसांची समजूत घालण्यात जातो आणि खरं सांगू, मला ते आवडतं. फक्त माझा पारा लवकर चढतो, एवढीच अडचण.

त्या सकाळी उदगीरच्या गंगम्मा आजी व्हीलचेअरवरून आल्या. सोबत मुलगा मृत्युंजय, मोंढ्यात आडत दुकान असलेला. आजींच्या कमरेत नस दबली होती आणि उजवं पाऊल लुळं पडत चाललं होतं. लवकर ऑपरेशन झालं तर पाऊल परत येईल, उशीर झाला तर कायमचं जाईल, असं सर्जननी स्वच्छ सांगितलं होतं. पण फोटो हातात आल्याशिवाय ते सुरी लावणार नव्हते. आधी दुसऱ्या एका सेंटरवर आजी मशीनमध्ये गेल्या होत्या आणि रडत-ओरडत लगेच बाहेर आल्या होत्या. दमा असल्यामुळे भूल देऊन निजवायलाही डॉक्टर राजी नव्हते. म्हणजे आजींनी जागेपणी, गुमान पडून राहण्यावाचून इलाज नव्हता.

बांगड्या उतरल्या, कानातलं उतरलं, जोडवी निघाली. मग बालाजी म्हणाला, "आजी, तो गळ्यातला दागिना पण काढा."

गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी होती. आजींनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. "ह्ये दागिना न्हाई रे बाबा. माझा देव हाय ह्यो."

मी कपाळावर हात मारून घेतला. लातुरात वाढलेल्या पोराला लिंगायत बाईच्या गळ्यातलं इष्टलिंग ओळखू येऊ नये! दीक्षेत मिळालेलं ते लिंग, न्हाताना नि झोपताना अंगावरच असायचं. आणि हा बाबा त्याला दागिना म्हणतो.

"त्या दुसऱ्या ठिकाणी काय झालं होतं, आजी?" मी विचारलं.

"काढून घेतलं की माझ्यापासनं. कपाटात ठिवलं आन कुलूप घातलं. सगळे म्हनतेत मशीनच्या आवाजाला भ्याली. आवाजाला कोन भितंय? माझा जीव कपाटात हुता, माय."

मृत्युंजय पुढे झाला. "अव्वा, मी हातात धरून बसतो की इथंच. दहा पावलांवर."

"तुझं कुठं हाय?"

मृत्युंजय बुटांकडे बघायला लागला. "घरी हाय. देवघरात."

"बघा बाई! सोताचं देवघरात ठिवलंय आन माझं सांभाळतो म्हनतोय." बालाजी फिसकन हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि मग तोंड फिरवून मीही हसून घेतलं.

हसून झालं तरी पाऊल लुळंच होतं. बाहेर पुढचा पेशंट ताटकळला होता. आज आजी अशाच उदगीरला परत गेल्या तर पुन्हा येणार नाहीत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला मृत्युंजयचा राग आला, मशीनचा आला, थोडा आजींचाही आला.

"आजी, डबी चांदीची. आतला देव कशाचा?"

"दगडाचा. वरनं काळा लेप हाय."

मी तडक उज्वला मॅडमच्या खोलीत गेले. फोटो वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर त्या, मशीनच्या बाबतीत भारी कडक. पिन राहिली तरी आख्खा विभाग डोक्यावर घेतात. मी विचारलं, "मॅडम, मशीनमध्ये देव चालेल का?"

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कशाचा आहे?"

हा प्रश्न ऐकून मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. मी सगळं सांगितलं. मॅडम एका दोऱ्याला बांधलेलं छोटं लोहचुंबक घेऊन तयारीच्या खोलीत आल्या. आजींनी हात धुतले, डबी स्वतः उघडली, लिंग तळहातावर घेतलं. कुणालाही हात लावू दिला नाही, मॅडमनी ते मागितलंही नाही. त्यांनी चुंबक जवळ, अगदी जवळ, चारी बाजूंनी फिरवलं. चुंबक ढिम्म हललं नाही, म्हणजे देवात लोखंड नव्हतं.

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "डबी बाहेर राहील. पण कमरेजवळ नको हं, आजी. आपल्याला तिथलाच फोटो हवाय. कुठं धरणार?"

"कुठं म्हंजे? डाव्या तळव्यावर. पूजेला रोज तिथंच घेते की."

मी लिंगावरून स्वच्छ सुती पट्टी घेतली आणि हाताला बांधली. तो हात छातीवर ठेवला, उजव्या हातात घाबरलं तर दाबायचा फुगा दिला, कानांवर हेडफोन लावले. मृत्युंजय रिकामी डबी घेऊन बाहेर बाकावर बसला. रिकामी असूनसुद्धा त्यानं ती दोन्ही हातांत धरली होती.

मशीन सुरू झालं. ठकठक, घरघर, मग कुणीतरी पत्रा बडवावा तसा आवाज. धट्टीकट्टी माणसं इथं चुळबुळ करतात. आजी हलल्या नाहीत. पडद्यावर पहिला फोटो आला, मणका न् मणका मोजावा इतका स्वच्छ.

"रूपालीताई, आजपर्यंत असं कुणी पडलं न्हाई बघा," बालाजी म्हणाला आणि माईकवर बोलला, "आजी, निम्मं झालं. बरं वाटतंय ना?"

उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. फुगाही दाबलेला नव्हता. दम्याची बाई! मी दार उघडून आत धावले, बोगद्यात वाकले, हेडफोन बाजूला केला. "आजी! ओ आजी!"

आजींनी एक डोळा उघडला आणि ओठ न हलवता पुटपुटल्या, "पूजेत बोलत नसत्यात, बाई. जा तिकडं."

मी निमूट बाहेर आले. एक फोटो परत काढावा लागला, तो माझ्या आगाऊपणामुळे. तेवढ्यावरून बालाजी मला संध्याकाळपर्यंत चिडवत होता.

दबलेली नस फोटोत ठळक दिसली आणि सर्जननी दुसऱ्याच दिवसाची वेळ दिली, दम्यामुळे फक्त कमरेखाली भूल देऊन. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला मी स्वतः जाऊन सांगितलं, डाव्या हातात देव आहे, मॅडमनी बघितलाय, काढू नका. तिनं वरून निर्जंतुक पट्टी गुंडाळली.

ऑपरेशननंतरच्या सकाळी तो वॉर्ड माझा नसताना मी तिकडे गेले. सर्जन यायचे होते. मृत्युंजय पायाशी उभा होता आणि त्याला विचारायचा धीर होत नव्हता. मग मीच चादर बाजूला केली. "आजी, उजवं पाऊल हलवून बघा बरं."

आजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी चुकीचं बोलले होते. "परवा म्हनलीस हलू नको. आज म्हनतीस हलव. एकदा काय ते ठरीव की, माय!"

मृत्युंजयनं वाकून आईची टाच धरली. मला एवढा आनंद झाला की माझे डोळे भरून आले. कारण आजी बोलत होत्या तेव्हा त्यांचं पाऊल वर उचललेलं होतं.