पाऊण इंचाचा माणूस

आजी गेली त्याला महिना होत आला होता आणि रविवारी तिच्या आठवणी सांगायला माणसं येणार होती. सगळ्यांत आधी आजोबांनी बोलायचं, पाच मिनिटं, असं नातीनं परस्पर ठरवून टाकलं. आजोबांना बोलण्याची चिंता नव्हती, शर्टाची होती. जुने शर्ट कॉलरला विरले होते म्हणून मुलानं दुकानातून नवा आणला, तर तो वाकडा निघाला.

"बदलून आण. उजवी बाजू लोंबतेय."

मुलानं बदलून आणला. तोही वाकडा. तिसरा तर आणखीनच.

"सरळ शर्ट शिवायची अक्कलच उरली नाही कुणाला," आजोबा म्हणाले. मुलानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं पंख्याकडे.

चौतीस वर्षं खांद्याला झोळी लावून टपाल वाटलेला हा माणूस. आपण पट्टीसारखे सरळ आहोत याचा त्यांना भारी अभिमान. घरात कुणी पोक काढून बसलं की पाठीत बोट खुपसायचे. कंबर बत्तीस, तीही लग्नापासून. पँट कधी घट्ट झाली नाही, हाच पुरावा. आजीनं घरात बाहेरचा कपडा येऊ दिला नव्हता. खात्याचा गणवेशसुद्धा ती उसवून पुन्हा शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि गिऱ्हाइकांसाठी पुरुषभर उंचीचा आरसा. त्या आरशासमोर बायका उभ्या राहतात म्हणून आजोबा तिकडे फिरकत नसत. त्यांचं सगळं दाढीच्या बशीएवढ्या आरशात भागायचं.

आरशाशेजारच्या खिळ्याला पेपर कटिंगचे गठ्ठे टांगलेले होते. ज्याचं त्याचं माप खाकी कागदावर कापून ठेवलेलं. आपलं कटिंग काढावं आणि एखाद्या शिंप्याकडून सरळ शर्ट शिवून घ्यावा, म्हणून आजोबांनी सोमवारी गठ्ठा उतरवला. "बबड्या, पहिली शाळा." "बबड्या, लग्न." "सूनबाई." "ठमी, दात पडलेले असताना." "शेजारचा कुत्रा, थंडी." कुत्र्याचं होतं. आजोबांचं नव्हतं.

तळाशी एक कटिंग बिननावाचं निघालं. पुरुषाचं. कडेला आजीच्या अक्षरात तारखा, एकतीस वर्षांच्या. उजवा खांदा: पाव इंच खाली. मग अर्धा. मग पाऊण. कंबर: बत्तीस, चौतीस, छत्तीस, अडतीस.

आजोबा खुर्चीत बसले. एकतीस वर्षं ती एका वाकड्या माणसाचं माप घेत होती, आणि हा बाबा कुणाच्या तरी घरचं चापून जेवत होता.

"ठमे, मी रविवारी बोलणार नाही," त्यांनी नातीला सांगितलं.

"का?"

"ज्यानं बोलायला हवं त्याला बोलव."

"कोण तो?"

"शोधतोय."

तिनं अधिक विचारलं नाही. घरात आजोबांना अधिक विचारायची पद्धत नव्हती.

त्या दिवसापासून आजोबांनी भेटायला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला मिठी मारायला सुरुवात केली. बाहीत टेप असायची. एकेक मिठी अर्धं मिनिट चालायची, तेवढ्यात पाठीमागून दोन्ही खांदे मोजून व्हायचे. आयुष्यभर कुणाशी हातसुद्धा न मिळवलेला माणूस एवढा हळवा झालेला बघून लोकांचे डोळे भरून आले. प्लंबरचे नाही आले. तो नळ बघायला आला होता. त्याचे खांदे समान निघाले. चष्मेवाल्याचे समान, घरमालकाचे समान. एवढी सरळ माणसं आजोबांनी एका आठवड्यात कधी पाहिली नव्हती.

उरला केमिस्ट. त्याच्यावर पहिल्यापासूनच वहीम होता. आजी डोकेदुखीची गोळी आणायला जायची आणि तासाभरानं यायची, डोकं न दुखता.

रविवारी पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. आजोबांनी शेवटी विरलेला जुनाच शर्ट घातला. केमिस्ट आला आणि बसायच्या आधीच सुरू झाला. "काय हसायच्या हो काकू. आमच्या बाकावर बसून पोट धरून हसायच्या."

घरात आजी तोंडाला पदर लावून हसायची, तेही मोजकं. आजोबा पुढे झाले आणि त्यांनी केमिस्टला कवटाळलं. उतार होता. पण डाव्या खांद्याला.

"उजवा खाली करून दाखवा," आजोबा त्याच्या कानात म्हणाले.

"काय?"

"आजोबा, सोडा त्यांना," नात म्हणाली. बाहीतून टेप गळून केमिस्टच्या पाठीवर लोंबत होती. "आणि हे काय चाललंय?"

आजोबांनी मशीनच्या खणातून कटिंग काढून तिच्या हातात दिलं. "हा माणूस शोधून दे. मग बोलतो."

नातीनं तारखा वाचल्या. मग आजोबांना दंडाला धरून मोठ्या आरशासमोर नेलं, कागद त्यांच्या पाठीला लावला आणि खांद्यावरून दाबला. कागद बसला. पाऊण इंच जिथे उतरायला हवा होता, तिथेच उतरला.

आरशातला म्हातारा उजवीकडे कललेला होता, अजून झोळी खांद्यावर असल्यासारखा. शर्ट मात्र दोन्हीकडून सारखा.

"हे कधीपासून?" आजोबांनी विचारलं.

"मी लहान होतो तेव्हापासून," मुलगा म्हणाला. "आई सांगायची, बाबांना कुणी बोललात तर सालटं काढीन."

"मला म्हणाली होती, पोक काढलंस तरी चालेल, पण आजोबा 'सरळ बस' म्हणाले की हसू नकोस," नात म्हणाली.

"मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं," सून म्हणाली.

आजोबा केमिस्टकडे वळले. केमिस्टनं मान खाली घातली. "काकू म्हणायच्या, ह्यांचं झोपेत माप घ्यावं लागतं. ते ऐकून आम्ही दोघंही..."

म्हणजे ते हसणं हे होतं. आजोबांना फोटो आठवले. प्रत्येक फोटोत ती त्यांच्या उजव्या खांद्याला चिकटून उभी. आणि एवढं मोठं गुपित तिनं सगळ्यांत वाटलं होतं. मुलाला, सुनेला, नातीला, औषधवाल्याला. कुत्र्यालाही बहुतेक माहीत असावं. एकट्या त्यांना सोडून.

कंबर अडतीस, हेही खरंच असणार.

"आता बोलाल ना?" नातीनं विचारलं.

आजोबा खुर्च्यांसमोर उभे राहिले. कटिंगची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

"तुम्हा सगळ्यांना माहीत असलेली तिची एक गोष्ट मला आज कळली," ते म्हणाले. "तिची एक गोष्ट मलाही माहीत आहे. ती तुमच्यातल्या कुणालाच माहीत नाही."

सगळे पुढे वाकले. केमिस्ट सर्वांत जास्त.

"ती मी सांगणार नाही," आजोबा म्हणाले आणि खाली बसले.

नेमकी कोणती, ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. पाच-सहा होत्या.